चौथी डिस्क

त्या मालिकेचं नाव घरात काढायचं नाही, असा दंडक मास्तरीणबाईंनी नऊ वर्षांपूर्वी घातला होता. तो मोडायची छाती फक्त त्यांच्या आईची. आईला कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिचा प्रश्न शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा.

"जग जळून गेलं, बंदुकीच्या गोळ्या संपल्या, माणसं एका विहिरीपायी काठ्या घेऊन एकमेकांच्या उरावर बसली, इथवर बघितलं मी. पुढचा सीझन लागला आणि तू टीव्हीच बंद केलास. विहीर कुणाला मिळाली ते तरी सांगशील?"

बाई उठून स्वयंपाकघरात निघून जायच्या. त्या मालिकेतल्या सगळ्या मारामाऱ्या त्यांनीच बसवलेल्या. दुसऱ्या सीझनच्या आठव्या भागात लुटारूचा मुखवटा घालून त्या स्वतःच उतरल्या होत्या. समोर नायिकेच्या जागी उड्या मारणारी त्यांची लाडकी शिष्या होती. अंगाने हलकी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. हिशोब साधा होता: बाई आकडे मोजणार, तीनला त्यांची काठी भिंतीच्या पायथ्याशी सपकन फिरणार, ती गेली की चारला चिमणी भिंतीवरून खाली उडी टाकणार. शंभर वेळा केलेलं. पण त्या दिवशी काठी आणि चिमणीचा गुडघा एकाच क्षणी भेटले.

"माझा हात उशिरा फिरला," असं बाईंनी स्वतःच जाहीर करून टाकलं. दवाखान्यात चिमणीला विचारलं, तर ती म्हणाली, मला काही आठवत नाही. तो प्रसंग कापला गेला, चिमणीच्या उड्या कायमच्या थांबल्या आणि बाईंनी काठी खाली ठेवली ती ठेवलीच. त्या एका हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवू लागल्या. चिमणीला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटे. तिच्या लग्नालाही त्या गेल्या नाहीत, नुसती भेट पाठवली.

आणि एका रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात चिमणी उभी होती. अंगाने भरलेली, एका पायावर किंचित झुकलेली, हातात डीव्हीडीचं खोकं.

"ताई, आत येऊ?"

बाई बाजूला झाल्या. आईने मात्र लांबूनच ओळखलं. "अगंबाई, चिमणी! किती सुटलीस गं!"

चिमणी हसली, पण बसली नाही. "ताई, आपला दुसरा सीझन बाजारात आलाय. चार डिस्क आहेत. पहिल्या तीनमध्ये मिळून दहा भाग, आणि चौथीत पडद्यामागचं चित्रण. त्यात आपला तो शॉट घातलाय. मला विचारायला फोन आला होता. मी हो म्हटलं."

"हो म्हटलंस?" बाईंचा आवाज चिरकला. "जगाने बघावं म्हणून?"

"तुम्ही बघावं म्हणून. पण त्याआधी माझ्या तोंडून ऐका." चिमणीने ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं. "तुमचा हात बरोबर होता. मीच तीनला उडी टाकली. भिंतीवर उभं राहून पाय लटपटायला लागले होते, कधी एकदा खाली येते असं झालं होतं. मला सगळं आठवत होतं, ताई. त्या दिवशीही."

बाईंनी तिच्या हातून खोकं घेतलं, चौथी डिस्क काढली आणि मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर धूळ, भिंत, मुखवटा. बाईंचाच आवाज खणखणीत आला: एक, दोन, तीन. काठी फिरली, अगदी तीनवर, आणि त्याच तीनवर वरून चिमणी सुटली. बाईंनी मागे घेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. पाचव्या वेळी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि जागच्या जागी जमिनीवर बसल्या.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मी स्वतःला खात होते, कार्टे! एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

"आधी भीती वाटली, तुम्ही मला काढून टाकाल. मग तुम्हीच काम सोडलंत, तेव्हा तर धीरच होईना. मारा मला. खरंच."

बाईंचा हात वर गेलाही. पण मध्येच त्यांना रडू फुटलं, आणि रडता रडता असं काही हसू आलं, की आई घाबरून पाणी घेऊन आली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेला तर माणूस आधी श्वास घेतं, भांडण नंतर. बाईंनी चिमणीला खाली ओढून शेजारी बसवलं आणि तिचा तो गुडघा हातात घेऊन चाचपला.

"दुखतो?"

"थंडीत."

"उद्यापासून हॉलवर यायचं. सकाळी सातला. अजून राग गेलेला नाही माझा, एवढं लक्षात ठेव."

"येते, ताई."

"झालं का तुमचं?" आईने खुर्ची टीव्हीसमोर ओढली. "मग ते पहिल्यापासून लावा. आणि आवाज मोठा ठेवा."

पहिली डिस्क लागली. राखेच्या वाऱ्यात नायिकेने तिघांना लोळवलं, तशी चिमणी ओरडली, "तो दुसरा तर मार लागायच्या आधीच पडला!" बाई म्हणाल्या, "त्याला भूक लागली होती, जेवायची सुट्टी व्हायची होती." तिघी खो खो हसल्या. तिसरा भाग संपता संपता चिमणीच्या नवऱ्याचा फोन आला.

"उशीर होईल मला," ती फोनवर सांगत होती. "अजून सात भाग राहिलेत. नाही नाही, ताई रागावल्यात. पण जेवायला थांबवलंय."