घोटीचं टोक

हर्षालीने तिसऱ्यांदा तीच आज्ञा दिली आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं: लाइन बंद. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वाजता घोटीच्या केंद्रावर एकशेवीस मुलींची नर्सिंगची परीक्षा सुरू व्हायची होती, आणि प्रश्नपत्रिका नाशिकच्या सर्व्हरवर होत्या.

तसं काम काही डोंगर खोदायचं नव्हतं. घोटीचे संगणक आणि नाशिकचा सर्व्हर जणू एकाच खोलीत आहेत अशी जोडणी द्यायची. हर्षालीच्या कंपनीच्या जाळ्यातून माहितीचं प्रत्येक पाकीट लेबल लावून पुढे जातं. अट एकच, दोन्ही टोकांना सर्किट नंबर सारखा हवा. तो जुळला नाही, तर दोन्ही टोकं भाऊबंदांसारखी तोंड फिरवून बसतात.

"काय झालं?" मागून महेश सरांनी विचारलं. विभाग त्यांच्या हाताखाली होता. मागच्या महिन्यात हर्षालीच्या चुकीने एका दवाखान्याची लाइन तासभर पडली होती. तिला कायम करायचं की नाही हे शुक्रवारी ठरणार होतं, आणि दुसरी चूक खपवून घेणार नाही असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"माझ्याकडून सगळं बरोबर आहे, सर. घोटीला बघायला हवं." हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

स्पीकरवर घोटीचे भिमाजी होते. टेलिफोनचे खांब रोवण्यापासून या कामात मुरलेले, आता वर्षावर्षाच्या कंत्राटावर.

"काका, तुमचा नंबर तपासा ना. सगळे खोळंबलेत."

"तपासला, मॅडम. तुमच्याकडं काय हाय?"

"तीनशे सोळा," तिने पडद्यावरचा आकडा वाचला.

पलीकडून मुलींचा गलका ऐकू येत राहिला.

"थांबा जरा," भिमाजी म्हणाले.

मिनिटभरात लाइन चालू झाली. घोटीचे संगणक एकामागून एक सर्व्हरवर दिसू लागले आणि हर्षालीच्या जिवात जीव आला.

"काय होतं?" महेश सर फोनकडे वाकले.

"माझ्याकडंच नंबर चुकला व्हता, साहेब. चष्मा घरी ऱ्हायला."

"एवढ्या मुलींचा जीव टांगणीला लावलात, भिमाजी. पुढच्या वर्षी तिथे दुसरा माणूस बघावा लागेल."

"बरं, साहेब."

सर गेल्यावर हर्षालीने अहवाल लिहायला कामाचा कागद पुढे ओढला. घोटी: तीनशे अठरा. तीनशे सोळा नंबर नांदगावचा. कालची तिथली मांडणी तिने जशीच्या तशी उचलून इथे डकवली होती आणि नंबर बदलायचा राहिला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, आणि तिने त्या साहेबांसमोर मारल्या होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने घोटीला फोन लावला.

"काका, तुमचा नंबर बरोबर होता."

"लाइनीला बरोबर-चूक कळत नाय, मॅडम. दोन्हीकडं सारखा पाहिजे, बास."

"पण साहेबांना सांगायचं ना तुम्ही!"

"तुम्ही त्यांच्याम्होरं बोलून बसला व्हता. मग वाद झाला आसता, अन् पोरी दारात उभ्या व्हत्या. माझं भाताचं रान हाय, काम गेलं तरी भागंल. तुम्ही नव्या हाय. लिवा तुम्हाला लिवायचं ते."

अहवालात चूक कोणाची याचा रकाना रिकामा होता. शुक्रवार तीन दिवसांवर होता. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि गप्प बसावं असं तिला फार वाटत होतं. घरी आईने पेढ्यांचं सुद्धा बोलून ठेवलं होतं.

कागद हातात घेऊन ती उठली. महेश सर जेवणाचा डबा उघडत होते.

"सर, घोटीचा नंबर बरोबर होता. चुकला होता तो माझा."

सरांचा हात झाकणावरच राहिला. "मग लाइन चालू झाली कशी?"

"त्यांनी स्वतःचा बरोबर नंबर पुसला," हर्षाली म्हणाली, "आणि माझा चुकीचा घातला."