सातही रेघा वर

भूकंप जमिनीला एकीकडे ढकलतो, एकीकडे ओढतो. म्हणून पहिल्या झटक्याला हादरे नोंदणाऱ्या काही ठाण्यांवरची रेघ वर जाते, काहींवरची खाली. स्फोटाला असले नखरे ठाऊक नाहीत. तो चहूबाजूंना नुसता ढकलत सुटतो. वेधशाळेत नोंदी वाचणाऱ्या ताईला हे पंधरा वर्षांत तोंडपाठ झालं होतं. मंगळवारी दुपारी खाण कोसळली, दादासकट अकरा जण आत गाडले गेले, आणि ताईच्या समोर सातही ठाण्यांच्या रेघा पहिल्या झटक्याला वरच गेलेल्या होत्या. मागून येणारी आडवी लाट, जी भूकंपात खरी दांडगाई करते, ती जेमतेम दिसत होती.

स्फोटच. आणि खाणीत सुरुंग लावायचं काम दादाचं.

संध्याकाळी आई आयुष्यात पहिल्यांदा वेधशाळेत आली.

"लोक दारात येऊन बोलताहेत. त्यानंच दहा जणांना मारलं म्हणे. तू भूकंप लिही."

"आई, खोटं कसं लिहू?"

"तो तर गेलाच गं. निदान त्याचं नाव तरी राहू दे."

खाणीच्या साहेबांनीही फोनवर अगदी मऊ आवाजात हेच सुचवलं होतं. साहेबांना दादाचा एवढा पुळका कशाला, हे ताईनं तेव्हाच विचारायला हवं होतं. तिनं 'भूकंप' लिहिलं, सही केली. स्वतःची तिला किळस आली.

निसर्गानंच केलं म्हटल्यावर चौकशी कसली? महिन्याभरात खाण सुरू झाली आणि दादाच्या जागी धाकट्या भावाला घेतलं. पहिल्या दिवशी सकाळी तो बूट चढवत होता.

"सांभाळून रे," ताई म्हणाली.

"आज फक्त जुना माल संपवायचाय. काल दाखवल्या मला, सुरुंगाच्या कांड्यांना घाम सुटलाय, जरा धक्का लागला तरी उडतील अशा. हात लावायलाही भीती वाटते. बदलून द्या म्हणून दादा महिनोन्महिने ओरडत होता. कोण ऐकतंय?"

दादाची चूक नव्हतीच.

"जाऊ नकोस! तो भूकंप नव्हता रे. स्फोट होता. मी खोटं लिहिलं."

धाकटा हसला. "मला थांबवायला तू काहीही सांगशील. ताई, तुझ्या सहीचा कागद साहेबांनी फाटकावर लावलाय. तो वाचला, म्हणून तर सगळे पुन्हा आत उतरायला तयार झाले."

आणि तो निघालासुद्धा.