पांढरी आहे, पण नवरीची आहे

मी एक जुनी साडी आहे, आणि मित्रांनो, जुनी म्हणताना मी मान खाली घालत नाही. पांढरं शुभ्र रेशीम, चार बोटं रुंद निळे काठ, पदरावर निळीच बारीक पानं. पस्तीस वर्षांची आहे मी. तुमच्यातल्या किती जणांचे कपडे पस्तीस महिने टिकतात, ते आधी सांगा!

माझा जन्म येवल्याच्या मागावर झाला. विणणाऱ्याने तीन आठवडे मान मोडून काम केलं. तिथून मी मुंबईच्या दुकानात आले आणि तिथल्याच गोदीत काम करणाऱ्या राजारामने मला आपल्या होणाऱ्या बायकोसाठी घेतलं. ती प्रभावती, अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली, गावाकडच्याच शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागलेली. बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. विहारात बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे ती उभी राहिली, तेव्हा मी तिच्या अंगावर होते. पंचशील म्हणताना तिचा आवाज खणखणीत होता.

पुढे दर चौदा एप्रिलला आणि दर बुद्धपौर्णिमेला तिने मला नेसलं. एरवी मी मलमलच्या फडक्यात. वर्षातून एकदा ती माझी घडी बदलायची, कारण रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथेच विरतं. वर्गातल्या मुलींनाही ती हे सांगायची. आता इस्त्री करून कपाटात कोंबलं की झालं, असं वाटणाऱ्यांना कोण सांगणार!

मग राजाराम गेला, प्रभावती निवृत्त झाली आणि मुलाकडे, केतनकडे, डोंबिवलीला राहायला निघाली. मुलगी नव्हती, सून स्वतःच्या नव्या साडीत लग्न करून आलेली. शेजारीण म्हणाली, "गोधडी शिवून टाका." प्रभावतीने तिच्याकडे असं काही पाहिलं की ती बाई पुढे चार दिवस साखर मागायलाही आली नाही. मला घेऊन प्रभावती तडक शहरात, माळनाक्याला, दमयंतीबाईंच्या दुकानात आली.

या दुकानात लोक आपले चांगले जुने कपडे विकायला ठेवतात. विकले गेले की दोघांना वाटा. तीन महिन्यांत नाही गेले, तर दमयंतीबाई त्यांचं काय करायचं ते करतात. बाई मनाने वाईट नाही हो, पण तोंड आणि हात सारखेच भरभर चालतात. प्रभावती म्हणाली, "कुणी नेसणारी मिळाली, तरच द्या." बाई म्हणाल्या, "अगो, बिनघोर जा."

इथे घोळ झाला. मी नवरीची साडी आहे, हे प्रभावतीने सांगितलंच नाही. तिच्या माणसांत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, सांगायचं काय? आणि दमयंतीबाईंच्या माणसांत पांढरी साडी म्हणजे दुखवटा, तेव्हा विचारायचं काय? प्रभावतीची पाठ वळताच बाईंनी मला मागच्या कोपऱ्यात, म्हाताऱ्या बायकांच्या विटक्या पातळांत टांगलं.

मी चिडले म्हणजे किती चिडले! लग्नात मिरवलेली मी, आणि येणारी जाणारी मला बोट लावून म्हणायची, "नको बाई, कुणाच्या मयताला नेसलेली असेल." एकीला मी खिडकीच्या पडद्याला हवी होते. मी तीनदा हँगरवरून घसरून खाली पडले. मुद्दामच. पण साडीच्या रागाला विचारतो कोण?

तीन महिने भरत आले, तशी एका शाळेची बाई आली. स्नेहसंमेलनात नाटक होतं. मला उलगडून ती खूश झाली. "मस्त! मधोमध फाडली की दोन हडळी होतील."

हडळी! ऐकलंत ना? दमयंतीबाईंनी मला बाजूला काढून ठेवलं. ती बाई शनिवारी न्यायला येणार होती. माझ्यापाशी चारच दिवस उरले.

बुधवारी तेजल आली. मंडणगडची मुलगी, इथे एका दवाखान्यात नर्स. बरोबर तिची आत्या. तेजल घ्यायला आली होती पर्स, पण गल्ल्याशेजारी तिला माझा निळा काठ दिसला आणि पर्स राहिली बाजूला.

"ही नवरीची साडी आहे," ती म्हणाली.

"नवरीची? पांढरी?" दमयंतीबाईंनी गालावर हात ठेवला.

"आमच्यात नवरी पांढरीच नेसते, मावशी. पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे. आख्खा बाजार पालथा घातला मी. पांढरी म्हटलं की दुकानदार कोण गेलं, असं तोंड करतात."

बाईंनी जीभ चावली. "अगो बाई, आणि मी हिला हडळीला देत होते!"

मला वाटलं, सुटले. पण आत्या मधे आली. बुटकी बाई, पण आवाज पंचक्रोशीत ऐकू जाईल असा.

"ठेव ती खाली. दुसरीची उतरलेली साडी नेसून उभी ऱ्हाणार तू लग्नाला? आपल्या लोकांनी लय उतरलेलं नेसलं गो. माझी आय सांगायची, गावातले वरचे लोक लुगडं हातात द्यायचे नाय, वरनं टाकायचे. विटाळ व्हायचा ना त्यांना! आयने खाली वाकून उचललं. मी शपथ घेतलीय, आमच्या घरात उतरलेला धागा येणार नाय."

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, तोपर्यंतचा माझा सगळा तोरा उतरला. मी पांढरी म्हणून भांडत होते, आणि ही बाई तिच्या आईसाठी भांडत होती. तेजलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मला सोडलं नाही.

"आत्या, ते आपल्याला टाकलेलं होतं. ही मी निवडतेय. फरक आहे की नाही?"

"लोकांना दिसतो काय फरक?"

दमयंतीबाईंनी वहीतून नंबर काढला आणि प्रभावतीला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आत्याने तिलाही तेच सुनावलं, एक शब्द कमी न करता. मग प्रभावती म्हणाली, "माझी आजीपण वाकलेली आहे हो. म्हणून तर मी ही कुणाला टाकली नाही. तुमच्या मुलीने दुकानातून नेऊ नये. रविवारी मी येते. माझ्या हाताने देते. नाही पटलं, तर परत घेऊन जाईन."

"बघू रविवारी," एवढंच म्हणून आत्या तेजलला घेऊन गेली.

शनिवारी शाळेची बाई हजर. दमयंतीबाईंनी तिच्या हातात एक जुनी चादर ठेवली. ती म्हणाली, "अहो, पण आपलं ठरलं होतं." दमयंतीबाई म्हणाल्या, "ठरलं होतं ते मी मोडलं. शहाण्या हडळी चादरीतपण नाचतात." आणि मला त्यांनी दुकानात अगदी पुढे, दाराशी लावलं.

रविवारी प्रभावती डोंबिवलीहून आली. प्रवासाने पाय सुजलेले, तरी आधी पाणीही घेतलं नाही. तिने माझी घडी बदलली आणि मला दोन्ही हातांवर घेतलं. तेजल पुढे झाली, पण प्रभावती तिच्याकडे गेलीच नाही. ती आत्यापुढे जाऊन उभी राहिली आणि माझ्यासकट थोडी वाकली.

आत्या खांबासारखी उभी. मग तिने दोन्ही हात पुढे केले. "माझी आय असती तर..." एवढं बोलून ती रडली. दमयंतीबाई तर तिच्याआधीच रडायला लागल्या होत्या.

लग्न मंडणगडला झालं. नवरा सुहास, साधा मुलगा. तेजल विहारात आली तेव्हा नवऱ्याकडच्या एका बाईने माझा काठ चिमटीत धरला आणि शेजारणीच्या कानात म्हणाली, "जुनी दिसते गो." तेजलने ऐकलं. मीही ऐकलं. पण आमच्याआधी आत्या तिथे पोचली.

"दिसते कसली, हाय जुनी!" आख्खा विहार वळून बघायला लागला. "पस्तीस वर्साची. एका मास्तरीण बायने हातात दिलीय, वाकून. तुझ्या साडीला कोण वाकलं होतं, सांग!"

ती बाई काठ सोडून मागे सरकली. आणि तेजलने पंचशील म्हटलं, ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

आता मी मंडणगडला आत्याकडे असते. मित्रांनो, तुमच्याही घरात जुन्या वस्तू असतील. ज्या वापरायच्या त्या नीट जपा, दुसऱ्याला द्यायच्या तर हातात द्या, आणि घ्यायच्या तर लपवून घेऊ नका. वाडीतल्या दोन मुलींनी त्यांच्या लग्नासाठी मला आत्ताच मागून ठेवलंय. माझी घडी कधी बदलायची ते आत्या बघते आणि मला कुणी न्यायचं तेही तीच ठरवते. परवा त्यातली एक मुलगी मागच्या दाराने आली आणि हळूच विचारायला लागली. आत्याने तिला दंडाला धरून पुढच्या ओटीवर नेलं आणि म्हणाली, "इथनं माग. मोठ्यानं."