खोटं न घेणारा माईक

कोपरगावच्या अलीकडच्या त्या वस्तीवर एवढी गर्दी झाली, की मांडवाच्या कनाती गुंडाळाव्या लागल्या. लोक पार उसाच्या बांधापर्यंत बसले होते. गगनानंद महाराजांचा माईक खोटं घेत नाही, असा लौकिक होता. कुणी खोटं बोललं की कर्णे गप्प! महाराज स्वतः बोलले की मात्र शेवटचा शब्द घुमत राही, "सत्य... सत्य... सत्य..." बाया हात जोडत.

विज्ञान शिकवणारे सुहास सर पुढेच बसले होते. भोंदूंवर व्याख्यानं देण्याची त्यांना दांडगी हौस. श्रोते पेंगू लागले, की ते विचारात पडलेत असं सरांना वाटे.

आज पणाला लागली होती भागूबाई. कारभारीची म्हैस आटली, ती हिच्याच करणीनं, असा त्याचा दावा होता. माईकनं तिचं बोलणं घेतलं नाही, तर वस्तीनं तिच्याशी बोलणं बंद करायचं आणि तिला नळावर येऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. बाई एकटी, आणि वस्तीला नळ एकच.

भागूबाई बोलू लागली. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण कर्णे गप्प. पुढच्या चार जणांना तेवढी पुटपुट ऐकू आली.

"दूध आटवणारी जीभ माईक कशी घेईल? घेईल... घेईल..." तिच्या हातून माईक घेत महाराज गरजले.

सर ताडकन उठले आणि त्यांनी महाराजांच्या हातून माईक ओढून घेतला. "बंधूंनो, हे थोतांड आहे." कर्णे गप्पच.

"मास्तर बी खोटाच निघाला की," मागून कुणीतरी म्हणालं.

आणि आपल्या विवेकवादी वीराला दरदरून घाम फुटला. सकाळी बायकोच्या कारल्याच्या भाजीला त्यांनी 'छान झालीय' म्हटलं होतं. ते तर नडलं नसेल? हात आपसूक गळ्याकडे गेला.

"अहो, गळा काय चाचपताय?" बायकांमधून त्यांची बायको सुचित्राबाई उठून आल्या. "तिकडे त्या पोऱ्याचा अंगठा बघा."

कोपऱ्यात महाराजांचा शिष्य सुनील मिक्सरची पेटी घेऊन बसला होता. पेटीवर प्रत्येक माईकची वरखाली सरकणारी खुंटी होती. या माईकची खुंटी तळाला ओढलेली होती आणि तिच्यावर सुनीलचा अंगठा होता.

"भागूबाई, बोला पुन्हा," तिच्या हाती माईक देऊन पेटीकडे जात सर म्हणाले. ती बोलली तसा खुंटीजवळचा हिरवा दिवा लुकलुकला. म्हणजे आवाज पेटीपर्यंत येत होता. अडत होता तो अंगठ्यापाशी. वीस वर्षं विद्युत परिपथ शिकवणाऱ्या माणसाला हे आत्ता उमगलं.

सरांनी कारभारीला बोलावून पेटीचे हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि दिव्याखालचं बटण दाबलं. खुंटी खाली असली तरी ते दाबलं की पेटीत आलेला आवाज हेडफोनमध्ये ऐकू येतो.

"आरं, ही तर बोलतीया," कारभारी म्हणाला. "समदं येतंय की."

"म्हाराजांनी खुनावलं की खाली करायची," सुनील पुटपुटला. "आन् त्येंच्या बोलन्याला हे इकोचं बटन फिरवायचं."

सरांनी खुंटी वर सारली आणि माईक परत घेऊन सांगितलं, "शिर्डीहून उडणारं विमान मीच चालवतो." कर्ण्यांनी ते बांधापर्यंत ठणठणीत पोचवलं. मांडव हसला. महाराज चपला शोधू लागले.

"माईकला खरंखोटं कळत नाही, बंधूंनो. ते आपणच तपासायचं असतं." सरांना आता व्याख्यानाचा कढ आला. "आता विवेक म्हणजे काय, तर..."

सुचित्राबाईंनी त्यांच्या हातून माईक काढून भागूबाईला दिला.

"कारभारी, म्हशीची कास दगडावानी झालीया," भागूबाई म्हणाली. "जनावराच्या डाक्टरला दावा. ह्येच सांगाया तुमच्या दारात येत हुते, तर तुमी मला हाकललं."

या वेळी कुणी हसलं नाही. कारभारीनं खाली मान घालून मोबाईल काढला आणि डॉक्टरला फोन लावला.