खडूने लिहिलेले सव्वीस

मी आठवडाभर टपाल कचेरीत पार्सलं तोलते आणि रविवारी मासे. दोन्हीकडे माणसं सारखीच. वजन आपल्याला हवं तेवढंच भरावं अशी प्रत्येकाची इच्छा, आणि नाही भरलं की चूक काट्याची. म्हणून तर मासेमारीच्या क्लबातल्या लोकांनी काटा माझ्याकडे दिला. माझं तोंड फटकळ आहे हे त्यांना चालतं, पण आकड्यात खाडाखोड केलेली चालत नाही.

ज्यांनी मासे पकडायच्या स्पर्धेची ही भानगड कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तळं मुद्दाम खोदलेलं, त्यात कार्प जातीचे मासे मुद्दाम सोडलेले, सगळे एका वयाचे, किलोभराच्या आसपास. काठावर नंबर घातलेल्या चौदा खुंट्या. सकाळी पिशवीत हात घालून चिठ्ठी काढायची आणि जो नंबर येईल त्या खुंटीशी बसायचं. शिट्टी ते शिट्टी पाच तास. गळाला लागलेला मासा पाण्यात सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचा. शेवटी मी काटा घेऊन येते, वजन होतं, ज्याचं जास्त तो जिंकला, आणि सगळे मासे परत तळ्यात. हो, परत. आमच्या कचेरीतल्या बाईंनी हे ऐकून विचारलं होतं, "मग पकडतात कशाला?" सोळा वर्षं काटा धरतेय, त्यांना म्हटलं, एकदा येऊन बघा.

एक नियम मात्र कडक आहे. एका जाळीत तीस किलोच्या वर मासे ठेवायचे नाहीत, खालचे चेंगरतात. वर गेलं, मग ते शंभर ग्रॅम का असेना, ती अख्खी जाळी बाद. म्हणून प्रत्येकाजवळ दोन जाळ्या असतात आणि गळ्यात एक टिकटिक्या. मासा जाळीत टाकला की अंगठ्याने त्याचं बटण दाबायचं, आकडा एकाने पुढे जातो. सव्वीस झाले की शहाणा माणूस दुसरी जाळी उघडतो.

माझे बाबा म्हणजे या तळ्यावरचं जुनं खोड. नोकरीत असताना क्रेन चालवायचे. सात मजले उंच बसून लोखंडी तुळई अंडं ठेवावं तशी खाली ठेवायचे म्हणे. मासा आमिषाला तोंड लावतो ते त्यांना तरंगतं बूच हलायच्या आधी गळाच्या काठीतून कळतं, असं सगळे म्हणतात. ते स्वतः काहीच म्हणत नाहीत. कोणी विचारलं, "काका, आज काय लावलंय गळाला?" तर उत्तर एकच, "हेच आपलं, नेहमीचं." ताकाला तूर लागू देतील तर शपथ.

गेल्या थंडीत बाबा काठावरच्या बसायच्या फळीवरून घसरून पाण्यात पडले. शेजारच्या खुंटीवरच्या बेकरीवाल्याने कॉलर धरून वर काढलं. तेव्हापासून मी मागे लागले होते, बाबा, आता पुरे, एकाहत्तर पूर्ण झाली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका जेवणात त्यांनीच पैज मांडली. मोसमाची शेवटची स्पर्धा. पहिल्या तिघांत आले तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. नाही आले तर काठ्या माळ्यावर, कायमच्या. आई म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा," आणि भांडी उचलून आत गेली.

खरं सांगते, मला बाबा हरायला हवे होते. त्यात वाईट काही वाटत नव्हतं. पाण्यात पडलेला बाप ज्याने बघितलाय त्याला विचारा.

त्या रविवारी त्यांना नऊ नंबर लागला. मी खुंट्यांवरून पहिली फेरी मारत होते, जाळ्या नीट ओल्या केल्यात का बघत. नवव्या खुंटीशी आले आणि थबकले. बाबांनी सगळा संसार उलटा मांडला होता. बसायची पेटी तिरकी, आमिषाचे डबे उजवीकडे, जाळ्याही उजवीकडे. जन्मभर या माणसाच्या जाळ्या डावीकडे असतात.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"वारा," बाबा म्हणाले.

वारा होता, पण समोरून होता. त्याचा डाव्या-उजव्याशी काय संबंध? मी विचारणार होते, पण वजन करणाऱ्याने घरच्या स्पर्धकाशी गप्पा मारायच्या नाहीत, आणि नियम मीच मोडायचा तर झालंच. मी पुढे गेले. शिट्टी वाजवली.

आठव्या खुंटीवर बेकरीवाला होता. पहाटे तीनला उठून पाव भाजणारा माणूस, रविवारी इथे येऊन पेंगतो आणि तरी जिंकतो. त्या दिवशी मात्र पेंगत नव्हता. त्याचा एक डोळा स्वतःच्या बुचावर आणि एक बाबांवर. तासाभराने मी परत आले तर याच्याही जाळ्या उजवीकडे गेलेल्या.

"तुम्हालाही वारा लागला का?" मी विचारलं.

"ताई, काका उगीच काही करत नाहीत," तो हळूच म्हणाला. "काहीतरी आहे यात."

तोवर बाबांना मासे लागायला लागले होते. आणि खरंच वेगळंच काहीतरी चाललं होतं. काठी डाव्या हातात. तीन-चार मासे घ्यायचे, मग काठी आडवी ठेवायची, उजवा हात मांडीखाली घालायचा आणि दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत बसायचं. अध्येमध्ये डाव्या हाताने मूठभर खाद्य काठालगत टाकायचं. शेवटच्या स्पर्धेत, घड्याळ पळत असताना, असं कोण बसतं?

मला राहवेना. मी दर अर्ध्या तासाला काही ना काही निमित्त काढून नवव्या खुंटीपाशी जायला लागले. काठालगतचे मासे बिचकू नयेत म्हणून थांबतात का? पण मग हात मांडीखाली कशाला? हाताला गरमी मिळावी म्हणून? ऊन तर चांगलं होतं. आणि एवढ्या उन्हात अंगात स्वेटर. तीन महिने बघतेय, हा माणूस डोक्यातून घालायचे स्वेटरच घालतो. घरी मी चिडवलं होतं, म्हातारपणी फॅशन सुचली का म्हणून. आईने माझ्याकडे असं बघितलं होतं की मी विषय बदलला होता.

दुपारपर्यंत लागण पसरली. दहाव्या खुंटीवरच्या निवृत्त पोस्टमननेही काठी आडवी ठेवायला सुरुवात केली. तेराव्यावरच्या रंगाऱ्याने जाळ्या उजवीकडे घेतल्या आणि दोरा स्वतःच्याच पायात गुंतवून घेतला. बेकरीवाल्याने तर कहर केला. काठी ठेवली, उजवा हात मांडीखाली घातला आणि दहा मिनिटं पाण्याकडे बघत बसला.

"काही कळलं का?" मी विचारलं.

"मांडीला मुंग्या आल्या," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

मला हसू आवरेना. पण मनात धाकधूक होती, कारण बाबांची पहिली जाळी बंद झाली होती. पेटीच्या झाकणावर खडूने मोठे सव्वीस लिहिलेले होते. दुसरी उघडून तासही झाला नव्हता आणि तिच्यातही बऱ्यापैकी हालचाल दिसत होती. म्हणजे पहिल्या तिघांत काय, सरळ पहिलेच येणार. मी तळ्याला वळसा घालताना मनातल्या मनात काठ्या माळ्यावरून खाली उतरवत होते.

शिट्टी झाली. वजनं सुरू झाली. वजन करताना आधीच्या खुंटीचा माणूस साक्षीला असतो, आकडा बघतो, कागदावर सही करतो. बेकरीवाल्याच्या दोन जाळ्या मिळून सेहेचाळीस किलो भरल्या. तोवरचे सगळ्यात जास्त. मग तोच बाबांचा साक्षीदार म्हणून नवव्या खुंटीवर आला.

दुसरी जाळी आधी. बावीस किलो. पहिली जाळी दोघांनी ओढून वर घेतली, काट्याला अडकवली. मासे स्थिर होईपर्यंत मी थांबले. काटा थरथरला आणि थांबला.

तीस किलो दोनशे ग्रॅम.

मी पुन्हा बघितलं. काटा रिकामा करून शून्यावर आणला, पुन्हा अडकवलं. तीस किलो दोनशे ग्रॅम. बाबा पेटीवर बसून होते, त्यांना आकडा दिसत नव्हता. फक्त मला आणि बेकरीवाल्याला दिसत होता.

"ताई," बेकरीवाला अगदी हळू म्हणाला, "काटा वाऱ्याने हलतोय. मला तर तीसच दिसतंय. मी सही करतो."

त्याचं नुकसान होत होतं बघा. बाबांचे बावन्न झाले असते तर हा दुसरा. आणि तरी त्याच्या चेहऱ्यावर कसलाच हिशेब नव्हता. मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला आणि त्याचा फार रागही आला. कारण मला तीस लिहावंसं वाटत होतं. सकाळपासून मी हरण्याची वाट बघत होते, आणि आता बाप हरतोय म्हटल्यावर खरा आकडा लिहवेना.

"तीस दोनशे," मी मोठ्याने म्हटलं. "जाळी बाद."

बाबांनी मान वर केली. "किती?"

"तीस दोनशे, बाबा."

"शक्य नाही. सव्वीस आहेत."

"मग मोजू."

मासे पाण्यात सोडताना आम्ही एकेक करून मोजले. बेकरीवाला एकेक मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडत होता, मी मोठ्याने आकडा म्हणत होते. सव्वीसनंतरही जाळीत हालचाल होती. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. बाबा झाकणावरच्या खडूच्या आकड्याकडे बघत राहिले.

माझ्या मनात पहिला विचार आला तो डोक्याचा. बाबा विसरायला लागले की काय? मग मी त्यांच्या गळ्यातला टिकटिक्या काढून घेतला आणि दाबला. आकडा पुढे गेला. पुन्हा दाबला, पुढे गेला. यंत्र ठीक होतं.

"तुम्ही दाबा," मी म्हटलं.

"कशाला?"

"दाबा म्हणते ना."

त्यांनी उजव्या हातात घेतला. अंगठा बटणावर ठेवला. चेहऱ्यावरून दाबल्यासारखं दिसत होतं. आकडा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. या वेळी हलला. तिसऱ्यांदा नाही. आणि मी बघत होते की न हललेलं त्यांना कळतच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, बरोबर दाबतोय ना म्हणून.

मग मला सगळं एकदम दिसलं. जाळ्या उजवीकडे का, काठी डाव्या हातात का, हात मांडीखाली का. डोक्यातून घालायच्या स्वेटरला बटणं नसतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, एका घरात राहून मी तीन महिने पार्सलं तोलत होते.

बेकरीवाल्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, मांडीखाली घातलेल्या त्या हाताकडे, आणि आपल्या खुंटीकडे गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाण्यात पडलो त्यानंतर थोड्या दिवसांनी. आधी टोक बधिर झालं, मग पूर्ण अंगठा. आता तीन बोटं. दुखत नाही काही."

"टिक ऐकू येत नाही?"

"वारा होता. आणि ऐकायचं कशाला? चाळीस वर्षं अंगठ्याने सांगितलं ते खरं धरलंय."

"आईला माहीत आहे?"

"शर्टाची बटणं कोण लावतं?"

मला त्या दोघांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी कागद पुढे ओढला. पहिल्या जाळीपुढे शून्य लिहिलं, दुसरीपुढे बावीस. आठव्या खुंटीपर्यंतच तिघांहून जास्त जण बावीसच्या पुढे गेले होते, म्हणजे बाबा हरले. सही करायला त्यांनी डाव्या हाताने पेन घेतलं, आणि सही लहान मुलासारखी वाकडी आली.

"तू तीस लिहितेस की काय असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. "त्याचं कुजबुजणं ऐकलं मी. तेवढे कान आहेत."

"लिहिलं असतं तर?"

"तर काठ्या मीच मोडल्या असत्या. माझ्या पोरीने माझी कीव करून मला जिंकवायचं, आणि मी पुढच्या रविवारी इथे येऊन बसायचं?"

त्यांनी काठ्यांची लांब पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली. "माळ्यावर. ठरलंय ते ठरलंय."

मी पिशवी घेतली. जड होती. सकाळी जे मला हवं होतं ते आता हातात होतं आणि ते कुठे ठेवायचं हे मला कळत नव्हतं.

"पैज कोण जिंकलं?" मी विचारलं.

"तू."

"मग काठ्या कुठे ठेवायच्या ते मी ठरवणार. उद्या मी रजा टाकते, आपण दवाखान्यात जातोय. काठ्या तोवर दाराच्या मागे. पुढच्या मोसमात डॉक्टरांनी हो म्हटलं तर फळीवर कंबरेला दोर बांधून बसायचं, आणि टिकटिक्या मी दाबणार."

"वजन करणाऱ्याने कोणाच्या मागे बसायचं नाही. नियम आहे."

"काटा बेकरीवाल्याला देते."

बाबांनी यावर बराच विचार केला. उरलेल्या पाच खुंट्यांची वजनं झाली, काठाने चालत आम्ही गाडीपर्यंत आलो, तरी विचार चाललाच होता.

"तो सगळ्यांची वजनं वाढवून सांगेल," ते शेवटी म्हणाले. "पोस्टमनला दे. आणि मागे बसून बोलायचं नाही. मासे ऐकतात."

"प्रयत्न करीन," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा डाव्या हाताने लावायला घेतला. दोनदा निसटला. नेहमीसारखं पटकन हात पुढे करून मी लावणार होते, पण थांबले. तिसऱ्यांदा पट्टा बसला, आणि त्यांच्याकडून घेऊन माझ्या गळ्यात अडकवलेल्या टिकटिक्याचं बटण मी दाबलं. टिक. बाबा खिडकीबाहेर बघत होते. "एक," ते म्हणाले.