टेकाडाचं फाटक

रॅव्हिंग्टनच्या फुटबॉल मैदानाची पूर्वेकडची बाजू म्हणजे टेकाड. १९२१ साली खाण बंद पडली, तेव्हा रिकाम्या हातांच्या खाणकामगारांनी खाणीतली टाकाऊ माती ढकलगाड्यांतून आणून तिथे ओतली, वर प्रेक्षकांना उभं राहायला काँक्रीटच्या पायऱ्या घातल्या आणि लोखंडी कठडे रोवले. सेथ क्रॉसलीचा बाप त्यांतलाच एक. सेथ आता अठ्ठावन्न वर्षांचा होता. मैदानाची देखभाल त्याच्याकडे होती, आणि टेकाडाला कुणी नावं ठेवली की त्याचं डोकं फिरायचं.

म्हणूनच, त्या फेब्रुवारीतल्या शनिवारी सकाळी सर्वांत खालच्या कठड्याच्या पायाशी हात जाईल एवढी भेग दिसली, तेव्हा आधी त्यानं बुटानं चिखल लोटून ती बुजवली. मग स्वतःचीच लाज वाटली आणि तो तडक क्लबचा सेक्रेटरी पेंबर्टन याच्या खोलीत गेला.

"साहेब, आठ दिवसांच्या पावसानं टेकाड आतून भिजलंय. कठडा हलतोय. आज ती बाजू बंद ठेवा."

"आज? कपची मॅच आहे, सेथ! नऊ हजार माणसं उभी राहणार तिथं. त्यांना काय मांडीवर घेऊन बसू?" पेंबर्टननं मान वर केली नाही. "इंजिनिअरनं ऑक्टोबरात सगळं पाहिलंय. तू तुझं गवत सांभाळ."

टेकाडाच्या तळाशी डोरिस हेब्डनची चहाची टपरी होती. सेथ तिथं थांबला.

"डोरिस, आज दुकान वर हलव."

"का रे? माझ्या चहात काय खोट निघाली?"

"चहा तुझा वीस वर्षं वाईटच आहे. पण आज वर जा. ऐक माझं."

त्याचा चेहरा बघून तिनं किटली उचलली.

तीन वाजता खेळ सुरू झाला. टेकाडावर पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बुटक्या भिंतीत मैदानात उघडणारं एकच फाटक होतं, नेहमी कुलूपबंद. सेथ किल्ली मुठीत धरून त्याच्यासमोर उभा राहिला. चेंडू कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याची नजर कठड्यावर होती.

चौतिसाव्या मिनिटाला रॅव्हिंग्टननं गोल केला. सगळं टेकाड एका दमात पुढं लोटलं आणि कठडा धनुष्यासारखा वाकला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडण्यासाठी तोंड उघडत होता, पण आवाज फुटत नव्हता.

सेथनं कुलूप काढलं.

"ए! बंद कर ते!" पोलीस शिपाई धावत आला. "लोक मैदानात घुसतील!"

"घुसू देत! मला नंतर पकडा, आधी त्या माणसाचा हात धरा!"

शिपायानं कठड्याकडे पाहिलं मात्र, टोपी फेकली आणि म्हाताऱ्याला बाहेर ओढलं. मग दुसरा, मग एकदम पाच-सात जण. माणसं गवतावर धडपडत पुढं सरकली. रेफरीनं शिटी वाजवली. सेथ घसा फोडून "लांब पळा, लांब!" म्हणून ओरडत होता.

चार-पाचशे माणसं बाहेर आली असतील, तोच काँक्रीट कडकडलं. कठडा मुळासकट उपटला गेला आणि खालच्या सहा पायऱ्या काळ्या चिखलासह भिंतीवर येऊन आदळल्या. टपरी चेपली गेली.

शिटी ऐकून वरची माणसं मागंच थबकली होती, त्यामुळे त्या सहा पायऱ्यांवर तेव्हा मोजकीच माणसं उरली होती. तिघांचे पाय मोडले, बऱ्याच जणांच्या फासळ्या गेल्या. मेलं कुणी नाही. डोरिस वरून किटली घेऊन उतरली आणि जखमींना चहा देत सुटली. 

चौकशी मार्चमध्ये झाली. पेंबर्टन आदल्या दिवशी सेथकडे आला, टोपी हातात घेऊन.

"तू सकाळीच बजावलं होतंस, हे मी सांगणार आहे."

"तुमची नोकरी जाईल, साहेब."

"जाऊ दे. झोप तर कधीच गेलीय."

त्यानं खरं सांगितलं, आणि नोकरी गेलीच. एप्रिलमध्ये टेकाड सपाट करायला यंत्रं आली. सेथ दिवसभर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गवत पेरत राहिला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.