दमणगंगा डान्स बँडचा भगवंत

१९९१ सालच्या थंडीत सिल्वासाच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या क्लबाने जुन्या दमणगंगा डान्स बँडचा सत्कार ठरवला. पोर्तुगीज राजवटीत साहेबांना जॅझवर नाचवणारा हा बँड. त्यातले दोघेच आता हयात होते: दमणला राहणारा ट्रंपेटवाला फेलिक्स आणि किलवणीचा ड्रमवाला भगवंत. निमंत्रण गेलं ते एकट्या फेलिक्सला. भगवंतला बातमी मुलीकडून कळली. कावेरी त्याच वसाहतीत धाग्याच्या कंपनीत कामाला होती.

"बोलावलं नाही तर नाही. आपण जाऊ," ती म्हणाली. "बँड तुमचाच ना, बाबा?"

दोघं रिक्षाने पोचले. हॉलच्या भिंतीवर बँडचा जुना फोटो दाराएवढा मोठा करून लावला होता. कोटातले चार जण मधोमध उभे होते. एका कडेला ड्रम होता आणि ड्रमवर टेकलेली कोणाची तरी चार बोटं. बोटांमागचा माणूस कापून टाकला होता.

भगवंत जवळ गेला. आपली बोटं त्याने ओळखली. कावेरीला हुंदका आला नाही, रागच आला. तिने क्लबाचे सेक्रेटरी नंदकुमार यांना गाठलं. ते पुण्याहून आलेले मॅनेजर.

"माझा बाप कुठे आहे यात?"

"अहो, मोठा करताना कडेचं बसेना," नंदकुमार म्हणाले. "आणि सगळे कोटात, हे एकटेच अनवाणी. आम्हाला वाटलं, सामान उचलणारे असतील."

हे ऐकून फेलिक्स खुर्चीतून उठला. "सामान उचलणारा? त्याच्यावाचून एक पाऊल उचललं नसतं कोणी! फोटो काढा तो. नाहीतर मी चाललो."

"तू गप बस, फेलिक्स," भगवंत म्हणाला.

आवाज मोठा नव्हता, पण आसपासची माणसं थांबली.

"यांनी मला आज कापलं. तू तर रोज कापत होतास. साहेबांना अनवाणी वारली दिसायला नको म्हणून पडद्यामागे कोणी बसवलं मला? नाच संपला की टाळ्यांना वाकायचे तुम्ही चौघं. मी आत काळोखात घाम पुसायचो. फोटोच्या दिवशी हट्टाने येऊन उभा राहिलो, तेव्हा 'जरा कडेला हो' म्हणणारा तूच."

फेलिक्सचा चेहरा उतरला. "साहेबांच्या क्लबातून हाकललं असतं रे आपल्याला."

"आपल्याला नाही. तुला भीती तुझी होती."

सत्काराची वेळ झाली होती. भगवंत कोणाला न विचारता स्टेजवर चढला. नंदकुमार पुढे सरसावले, पण कावेरी पायरीवर आडवी उभी राहिली. भगवंतने माइक धरला.

"जॅझची रेकॉर्ड आणली फेलिक्सने, दमणच्या एका खलाशाकडून. सूर कोटवाल्यांनी बसवले. ठेका कोणाला जमेना, म्हणून आमच्या पाड्यावरच्या लग्नातून मला बोलावून नेलं. मी साथीला नव्हतो. बँडमधला पाचवा होतो. फोटोखाली एवढं छापा."

मागे कोणीतरी हसलं. कामगारांच्या रांगेतून मात्र टाळ्या आल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. नंदकुमार यांनी घाईघाईने शाल पुढे केली. भगवंतने ती घेतली नाही. "माझ्यासाठी आणलेली नव्हती ती," म्हणून तो खाली उतरला. मग ती फेलिक्सला दिली, तर त्यानेही ती टेबलावर ठेवली. स्टेजवर हारही तसाच राहिला आणि क्लबाने टेप लावून कार्यक्रम उरकला.

पुढच्या रविवारी फेलिक्स किलवणीला आला. अंगणात उभाच राहिला.

"माफ कर, भगवंत."

भगवंत तांदूळ निवडत होता. 

"एवढ्या वर्षांनी आलास," तो म्हणाला. "राग लगेच जाईल असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग बस. कावेरी चहा ठेवतेय. आणि त्या वेळचं सगळं परत सांग मला, पडद्यासकट. पोरीला तुझ्या तोंडून ऐकू दे."

फेलिक्स ओट्यावर टेकला. चप्पल काढली, घसा खाकरला आणि लाज गिळून बोलायला लागला. चुकलं तिथे भगवंत त्याला अडवत राहिला.